मुलाखतीला आलेली इस्त्री

इस्त्री जिन्यावरून सुटली तेव्हा तो खालून वर येत होता.

आता इस्त्री म्हणजे हल्लीची, वायर लावलेली, फुलासारखी हलकी अशी नव्हे. ही शिंपीकामातली जुनी, भरीव लोखंडाची. दुकानातल्या ज्या टेबलावर ती बसायची ते टेबल मधोमध खोल गेलं होतं. शेजारचा दुकानदार तर शपथेवर सांगायचा की ती जरा जोरात ठेवली की त्याच्या भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पुढे सरकतो. असा ऐवज कापडी पिशवीत घालून जिना चढायचा म्हटल्यावर बंदाने कुठेतरी दगा द्यायचाच. तो त्याने कॉलेजच्या जिन्याच्या वळणावर दिला. धाड... धाड... धाड... इस्त्री एकेक पायरी मोजत खाली निघाली, जणू तिला कोणी खालून हाक मारली होती.

त्याने वर पाहिलं, इस्त्रीकडे पाहिलं आणि ऐन वेळी उजवा पाय उचलला. पाय होता त्या जागी इस्त्री येऊन थांबली. तो तसाच एका पायावर उभा.

"पाय खाली ठेवू?" त्याने विचारलं. "की मागून अजून काही येतंय?"

वरची मुलगी दोन-दोन पायऱ्या उतरत आली. धावल्यामुळे तिचे केस सुटले होते आणि हातात पिशवीचा तुटलेला बंद होता. "लागलं नाही ना?"

"मला नाही. तिची चौकशी करा." त्याने वाकून इस्त्री उचलली आणि उचलताना चेहरा हसरा ठेवायला त्याला बरेच कष्ट पडले. "जड वस्तू हलक्या वस्तूपेक्षा लवकर खाली पडते म्हणतात, ते आज पटलं."

मुलीचं तोंड उघडलं. मग तिने ते मिटलं. ओठ असे घट्ट दाबून धरले की गालाला दोन खळ्या पडल्या.

"काही म्हणालात?"

"नाही."

"म्हणणार होतात..."

"होते. पण वचन दिलंय," ती म्हणाली आणि लाल होऊन इस्त्री त्याच्या हातातून घेऊ लागली. त्याने दिली नाही. त्याचा दुसरा हात मात्र कोटाच्या खिशाकडे गेला आणि काहीतरी चाचपून रिकामाच बाहेर आला. तेव्हा त्याचा अर्थ तिला कळला नाही.

तेवढ्यात वरून आवाज आला, "तपासनीस, माझी इस्त्री कुठे आहे गं?"

ती आत्या. आणि तपासनीस हे त्या मुलीचं घरातलं नाव.

नाव उगाच पडलेलं नव्हतं. कुणाचीही चूक दिसली की तिच्या घशात काटा अडकायचा, आणि दुरुस्त केल्याशिवाय तो उतरायचा नाही. लहानपणी आजोबा तिला राक्षसाची गोष्ट सांगायला बसले, तर डोंगर उचलायला राक्षसाला किती जेवावं लागेल याचा हिशेब तिने मांडून दाखवला. आजोबांनी त्या दिवसापासून गोष्टी सोडल्या आणि वर्तमानपत्र धरलं. मोठेपणी ती भौतिकशास्त्र शिकली, उत्तम शिकली, आणि आज या कॉलेजात दोन तास, उद्या त्या कॉलेजात तीन तास असं हंगामी शिकवत फिरू लागली. कायमची जागा मात्र मिळेना. मुलाखतीपर्यंत ती दर वेळी पोचायची. तिथे एकदा तिने अध्यक्षांचं सूत्र दुरुस्त केलं. एकदा तज्ज्ञांना सांगितलं की तुमचा प्रश्नच चुकलाय. एका ठिकाणी तर कहर झाला. तिची निवड झाली होती, नेमणुकीचा कागद हातात पडला होता, आणि तिने तो वाचून कळवलं की यावरची तारीख चुकली आहे, ही नेमणूक कायद्याने टिकणार नाही. मंडळींनी कागद परत घेतला, तारीख तपासली, तिचे मनापासून आभार मानले आणि दुसऱ्याला नेमलं.

वर्षअखेरीला वयाची अट आड येणार होती. त्यानंतर कायमचं शिकवणं विसरायचं आणि आत्याच्या शिंपीदुकानात काजं करत बसायचं, असं ठरलं होतं. या बेताची भीती तिच्यापेक्षा आत्याला जास्त होती. सुट्टीत ही पोरगी दुकानात बसली असताना एका गिऱ्हाइकाने कोटाच्या बाह्यांची तक्रार केली. तिने टेप लावून सिद्ध केलं की बाह्या सारख्याच आहेत, हात लहानमोठे आहेत. गिऱ्हाईक परत आलं नाही. त्याची भावंडंही परत आली नाहीत. म्हणून आज निघताना आत्याने तिच्याकडून वचन घेतलं होतं: दिवस मावळेपर्यंत कुणाची म्हणजे कुणाची चूक काढायची नाही.

आणि इस्त्री हवी होती ती शिकवून दाखवताना करायच्या प्रयोगाला. आत्या ती कुणाच्या हाती सोडत नसे. नवऱ्याला तिने परदेशी एकटं पाठवलं होतं, पण इस्त्री कधी गल्लीबाहेर एकटी गेली नव्हती. तेव्हा इस्त्री निघाली म्हणून आत्याही निघाली.

तर इस्त्री घेऊन तो वर आला. आत्याने त्याला पायापासून डोक्यापर्यंत असं पाहिलं, जसं ती कापड पाहते: आडवं, उभं आणि उजेडाकडे धरून. मग तिने विचारलं की तो मुलाखतीला आलाय का. तो हो म्हणाला, एका कॉलेजात कायमची नोकरी आहे पण ती बदलायचीय म्हणून. जागा एकच आहे हे तिघांनाही ठाऊक होतं. मुलीने इस्त्री त्याच्या हातातून जरा जास्तच झटक्याने काढून घेतली.

या कॉलेजच्या प्राचार्यबाईंची मुलाखतीची एक खास पद्धत होती. परीक्षा संपून मुलं घरी गेलेली असत, मग शिकवून दाखवायचं कुणापुढे? बाईंनी त्यावर तोड काढली होती. एक उमेदवार शिकवणार, बाकीच्यांनी बाकावर बसून विद्यार्थी व्हायचं. शेवटी प्रत्येकाने स्वतःला सोडून, ज्याने सगळ्यात चांगलं शिकवलं त्याचा क्रमांक चिठ्ठीवर लिहायचा. बाकावर बसलं की माणसाला खरं कळतं, असं बाईंचं म्हणणं. उमेदवारांना छातीवर लावायला क्रमांकाचे बिल्ले मिळत. तपासनीस वर्गात छताचा हुक इस्त्रीचं वजन पेलेल का ते पाहत होती, तेवढ्यात बाहेर कारकुनाने बाकावरच्या सगळ्यांना बिल्ले वाटून टाकले. आत्यालाही एक मिळाला. आत्याला वाटलं, पाहुण्यांना देत असतील. तिने तो शालीच्या टोकाला लावला आणि मागच्या बाकावर जाऊन पर्स मांडीवर घेऊन बसली.

पहिले उठले ते तिसरे उमेदवार. कोटाला पदक लावून आले होते आणि दुसरं खिशात होतं, ते त्यांनी मध्येच काढून दाखवलं. पदकवाल्यांनी उष्णता शिकवली. शिकवली म्हणजे सांगून लिहून घ्यायला लावली. त्यांच्या आवाजात असं काही होतं की आत्या झोपली, प्राचार्यबाईंची मान खाली गेली, आणि खिडकीत येऊन बसलेल्या कबुतराने डोकं पंखात घातलं.

मग तो उठला. खडू हातात घेतला आणि बोलू लागला, आणि तपासनिसाच्या काळजात कळ उठली. माणूस फार छान शिकवत होता. पाणी उकळतं म्हणजे नक्की काय होतं हे त्याने असं सांगितलं की भांड्याचा तळ दिसू लागला, बुडबुडे वर यायला निघाले, वरची हवा त्यांना दाबून धरू लागली. कबुतराने पंखातून डोकं काढलं. जागा गेली, तिच्या मनात आलं. आणि त्याच वेळी, बोलताना तो खडूने स्वतःच्या कानामागे खाजवतो आणि कान पांढरा होतो, हेही तिला दिसलं.

"आता डोंगरावर जाऊ," तो म्हणाला. "तिथे हवा विरळ. म्हणून तिथे पाणी उकळायला खालच्यापेक्षा जास्त तापवावं लागतं." आणि त्याने फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'जास्त'.

तिच्या घशात काटा अडकला.

हवा विरळ म्हणजे वरचा दाब कमी. दाब कमी म्हणजे पाणी कमी तापमानालाच उकळणार. शाळेतलं पोरही सांगेल. तिने प्राचार्यबाईंकडे पाहिलं. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या. पदकवाले नखं पाहत होते. गप्प राहावं. गप्प राहिलं तर तो चुकेल आणि जागा तिची. बोललं तर... बोललं तर वचन मोडेल, आणि तो बिचारा सगळ्यांदेखत पडेल. दोन्ही बाजूंनी गप्प राहण्यातच शहाणपण होतं. तिने बाकाची कड धरली. मागून आत्याने आधीच तिच्या पाठीला चिमटा काढला होता, कारण पुतणीचे कान लाल झाले की पुढे काय होतं ते आत्याला ठाऊक होतं.

बाकाने करकर आवाज केला आणि ती उभी राहिली.

"कमी," ती म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. "डोंगरावर कमी तापवावं लागतं. माफ करा."

त्याने खडू खाली ठेवला. मग त्याचा चेहरा असा उजळला, जसं कुणी खिडकी उघडावी.

"मला वाटलं, कुणी बोलणारच नाही," तो म्हणाला. खिशातून त्याने एक टॉफी काढली, बाकापाशी आला आणि तिच्यापुढे ठेवली. मग प्राचार्यबाईंकडे वळून त्याने समजावलं की प्रत्येक तासाला तो एक चूक मुद्दाम करतो. मुलांना आधी सांगत नाही. जो पकडेल त्याला टॉफी. त्यामुळे मुलं त्याच्या एकेका शब्दावर पहारा ठेवून बसतात.

पदकवाले म्हणाले की चूक त्यांच्याही लक्षात आली होती, पण शिष्टाचार म्हणून ते बोलले नाहीत.

तपासनीस मात्र टॉफीकडे पाहत राहिली. चूक काढल्याबद्दल आजवर तिला बरंच काही मिळालं होतं: टोमणे, नकार, एकदा तर एका विभागप्रमुखांनी रागाने फेकलेला डस्टर. टॉफी पहिल्यांदाच मिळत होती. मग तिला जिना आठवला.

"म्हणजे सकाळचं ते... जड वस्तू लवकर पडते..."

"ती टॉफी तुमची तेव्हाच होती," तो हळूच म्हणाला. "तुम्ही मागितली नाहीत."

आता तिची पाळी होती. इस्त्री हुकाला लांब दोरीने टांगायची होती. ती बाकावर चढली, त्याने बाक धरला. पदकवाल्यांनी विचारलं की एवढा उत्साह कशासाठी, ती तर प्रतिस्पर्धी आहे. तो म्हणाला की बाक डुगडुगतोय, आणि डुगडुगणाऱ्या बाकाला स्पर्धेतलं काही कळत नाही.

गाठ पक्की झाली. तिने वर्गाला सांगितलं, की टांगलेली वस्तू एका बाजूला ओढून नुसती सोडली, तर ती पलीकडे जाऊन परत येते; पण जिथून सोडली त्याच्या पुढे कधीच येत नाही. "माझ्यावर विश्वास ठेवू नका. नियमावर ठेवा. कुणीतरी या भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, इस्त्री नाकाला टेकवायची आणि सोडायची. ती येईल, जोरात येईल, आणि नाकाशी थांबेल. दोनच अटी. ढकलायची नाही... आणि जागचं हलायचं नाही. कोण येतंय?"

पदकवाल्यांना अचानक खोकला आला. तो उठला.

भिंतीला पाठ लावून त्याने इस्त्री दोन्ही हातांनी नाकाला टेकवली. "लोखंड थंड आहे," तो पुटपुटला.

"डोळे मिटू नका."

"मिटत नाही. तुमच्याकडे पाहतोय."

"माझ्याकडे नाही. इस्त्रीकडे पाहा."

"इस्त्री सकाळी पाहून झाली."

ती हसली. हसायचं नव्हतं, पण हसली. त्याच क्षणी त्याने इस्त्री सोडली. ती वर्ग कापत पलीकडे गेली, आत्याच्या डोक्यावरून गेली, खिडकीतलं कबुतर जे उडालं ते त्या कॉलेजात पुन्हा दिसलं नाही, आणि मग इस्त्री परत फिरली. हुं... असा आवाज करत आली. शेवटच्या टप्प्यात तिचा वेग कमी कमी होत गेला, ती थबकणार, थबकलीच... आणि टप्प असा आवाज झाला.

इस्त्री त्याच्या नाकाला लागली होती. जोरात नव्हे, दारावर ओळखीच्या माणसाने टकटक करावी तशी. पण इस्त्री ती इस्त्री. नाक बघता बघता टोमॅटोसारखं झालं.

"नियम मोडला," पदकवाले म्हणाले. त्यांचा खोकला पूर्ण बरा झाला होता.

तपासनीस पांढरी पडली. तिने दोरी पाहिली, हुक पाहिला, भिंत पाहिली. काही चुकलेलं नव्हतं. तरी प्रयोग फसला होता, आणि तोही प्राचार्यबाईंच्या डोळ्यांदेखत. तिने त्याच्याकडे पाहिलं. आता तो नुसता गप्प राहिला तरी जागा त्याची होती.

"नियम अगदी बरोबर आहे, मॅडम," तो नाक धरून म्हणाला. "मी पुढे झुकलो."

"का झुकलात?" प्राचार्यबाईंनी विचारलं.

"त्या हसल्या," तो म्हणाला. "मधे इस्त्रीची दोरी येत होती. नीट दिसलं नाही."

प्राचार्यबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मागच्या बाकावर आत्याने पर्स उघडली आणि उगाचच बंद केली. मग बाईंनी प्रयोग पुन्हा करायला सांगितला. फक्त या वेळी तपासनिसाने भिंतीच्या कोपऱ्यात, त्याला दिसणार नाही अशी जागा घ्यावी, म्हणजे विज्ञानाला व्यत्यय येणार नाही. इस्त्री गेली, आली, आणि सुजलेल्या नाकापुढे केसभर अंतरावर शहाण्यासारखी थांबली. आत्याने टाळ्या वाजवल्या.

तपासनीस बाकावर चढून दोरी सोडवत असताना प्राचार्यबाईंनी मागे पाहून विचारलं की शेवटच्या बाई काय शिकवणार. आत्या दबक्या आवाजात म्हणाली की आज ती नुसती ऐकायला आली आहे. बाईंनी ते समजूतदारपणे मान्य केलं. आयत्या वेळी धीर सुटलेले उमेदवार त्यांनी बरेच पाहिले होते.

चिठ्ठ्या झाल्या. बाईंनी त्या एकेक उघडून वाचल्या. एक त्याच्या नावाची. एक तपासनिसाच्या नावाची. एका चिठ्ठीवर पदकवाल्यांचा क्रमांक होता, पदकवाल्यांच्याच वळणदार अक्षरात. ती बाईंनी बाद केली आणि पदकवाले खिडकीबाहेर कबुतर शोधू लागले. शेवटची पुन्हा तपासनिसाची.

"तर ही जागा," प्राचार्यबाई हसून म्हणाल्या, "यांची."

आत्याने डोळे पुसले. त्याने दोन्ही हात वर करून टाळी वाजवली, नाक विसरून, मनापासून. आणि तपासनीस... तपासनीस टेबलावरच्या चिठ्ठ्यांकडे पाहत होती. तिचे कान लाल होत होते.

"नको," मागून आत्या कुजबुजली. "अगं, नको."

"चिठ्ठ्या चार आहेत," तपासनीस म्हणाली. "उमेदवार तीन."

बाईंनी मोजलं. खरंच होतं. शेवटची चिठ्ठी तर शिंप्याच्या खडूने लिहिलेली होती.

"ती आत्याची. ती धरता येणार नाही. आत्या उमेदवार नाही, ती इस्त्रीबरोबर आलीय."

आत्याने शाल डोक्यावरून ओढून घेतली. प्राचार्यबाईंनी एक सुस्कारा सोडला आणि म्हटलं की मग मतं समसमान झाली. अशा वेळी नाणं उडवावं, त्यांच्याकडे चांगलं जड नाणं आहे. त्यांनी पर्समध्ये हातही घातला.

"नाणं नाही," तपासनीस म्हणाली. आता तिला थांबवणं कुणाच्याच हाती नव्हतं, तिच्याही नाही. "तुमच्या जाहिरातीत खाली अट आहे. मतं समान पडली तर ज्याने कायमच्या नोकरीत जास्त शिकवलंय त्याला जागा. ते शिकवतायत. मी... हंगामी."

बाईंनी जाहिरात मागवली, वाचली आणि बराच वेळ नुसत्या तिच्याकडे पाहत राहिल्या. त्यांच्या नजरेत कौतुक होतं. पण कौतुकाने अट बदलत नाही. जागा त्याला मिळाली.

तो उठला आणि म्हणाला की तो ती घेणार नाही.

"घ्या," ती म्हणाली. "तुम्ही सोडलीत तर मला ती चुकीने मिळेल. मग मी रोज या वर्गात बसून ती चूक बघत राहू?" आणि डोळ्यांत पाणी दिसू नये म्हणून ती इस्त्री उचलून भराभरा जिना उतरली.

बसथांब्यावर आत्या जे बोलली ते सगळं सांगायचं तर बस निघून जाईल. थोडक्यात, तिने काजांचं सगळं आयुष्य पुतणीपुढे उभं केलं: कोटाची काजं, शर्टाची काजं, आणि त्या दोहोंच्या मध्ये एकही गिऱ्हाईक नाही. "मिळालेली जागा हातात घेऊन परत दिलीस गं तू. दोनदा परत दिलीस. लोक एकदा तरी थांबतात." मग आत्याचा आवाज बदलला. "आणि त्याला चिठ्ठी कोणी टाकली होती? त्याला एक होती."

"मी."

"का?"

"चांगलं शिकवतो." थोडं थांबून ती म्हणाली, "आणि कानाला खडू लावतो."

तेवढ्यात तो धावत आला. नाक त्याच्या आधी पोचलं म्हटलं तरी चालेल. आल्या आल्या त्याने आत्याच्या हातातली पिशवी पाहिली, बंदाला मारलेली गाठ पाहिली आणि म्हणाला, "द्या, मी धरतो." आणि आत्याने, जिने ती इस्त्री कधी कुणाच्या हाती सोडली नव्हती, मुकाट्याने पिशवी त्याच्याकडे दिली आणि थांब्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन रस्ता न्याहाळू लागली.

त्याला धाप लागली होती. तो म्हणाला, एक गोष्ट तिच्या लक्षात आली नाही. तो इकडे आला म्हणजे त्याची तिकडची जागा रिकामी झाली. कायमची जागा. बसने जेमतेम तासाभरावर. पुढच्याच आठवड्यात जाहिरात निघेल, वर्ष संपायच्या आत.

"तुम्ही ती का सोडताय?"

"विभागप्रमुखांना मुद्दाम केलेल्या चुका चालत नाहीत. स्वतः दिवसभर करतात, पण त्या मुद्दाम नसतात. तुमचा वेळ छान जाईल." त्याने नाकाला हलकेच हात लावून पाहिला. "तिथेही शिकवून दाखवावं लागतं. प्रयोग हाच करा."

"नाक कोणाचं आणू?"

"नाक मी घेऊन येईन."

तिला हसू आलं, आणि या वेळी मधे दोरी नव्हती. तो बघतच राहिला. मग घसा खाकरून, वर्गात उभा असल्यासारखा सरळ उभा राहिला, फक्त एक खांदा इस्त्रीने खाली ओढलेला.

"तीन वाक्यं सांगतो. त्यात एक चूक मुद्दाम आहे. पृथ्वी सूर्याभोवती फिरते. लोखंड पाण्यात बुडतं. आणि... आजच्या ओळखीवर कुणाला कुणाबद्दल काही वाटू शकत नाही."

ती विचारात पडली. कपाळाला आठ्या घातल्या. बस कोपऱ्यावर दिसू लागली होती.

"दुसरं पूर्ण बरोबर नाही," ती म्हणाली. "जहाज लोखंडाचं असतं. ते बुडत नाही."

त्याचा चेहरा पडला. "मी... ते नव्हतं..."

"थांबा ना. माझं झालं नाही." तिचे कान लाल झाले होते, पण या वेळी घशात काटा नव्हता. "तिसरं साफ चूक आहे. मला सकाळी जिन्यावरच कळलं होतं. पण वचन दिलेलं होतं म्हणून बोलले नाही."

त्याने खिशातून टॉफी काढली. मग विचार करून अजून एक काढली, जिन्यावरची. दोन्ही तिच्या तळहातावर ठेवल्या आणि हात लगेच काढून घ्यायचा असतो हे विसरून गेला.

"बस," आत्याने दुसऱ्या टोकाहून सांगितलं, रस्त्याकडे तोंड करूनच.

दोघी चढल्या. खिडकीशी जागा मिळाली. बस हलली तेव्हा तिने मागे वळून पाहिलं. तो थांब्यावर उभा राहून हात हलवत होता. एकच हात. दुसऱ्या हातातल्या पिशवीच्या वजनाने तो इतका कलला होता की रस्ताच तिरका आहे असं वाटावं.

"आत्या... इस्त्री."

"अगं बाई," आत्या पर्सची चेन लावत म्हणाली. "विसरलेच बघ."

तपासनिसाने आत्याकडे पाहिलं. आत्याने समोर पाहिलं. दगडासारखी जड, गल्लीबाहेर कधी एकटी न गेलेली, जिच्यासाठी आत्या दुकान बंद ठेवून इतक्या लांब आली होती, ती इस्त्री विसरली? तपासनिसाचं तोंड उघडलं.

मग तिने टॉफीचा कागद सोडला आणि टॉफी तोंडात टाकली.